वाचनालयाचे वाटे

मु. पो. तांबडमाळ, ता. श्रीवर्धन
४ नोव्हेंबर २०२४

चि. क्रांतीस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि ऐकायला कोणीच उरत नाही. शिवाय इथे रेंज येते ती फक्त जुन्या खाणीच्या कड्यावर. तिथे उभं राहून घरचं काही बोललं की संध्याकाळपर्यंत ते गावभर होतं.

गोष्ट अशी, की आमच्या खाण कामगार वाचनालयाची खोली पंचायत निकेतला देणार आहे. निकेत म्हणजे केसरआजीचा नातू. हरिहरेश्वरच्या रस्त्यावर ज्याचं 'सागरदर्शन होमस्टे' आहे तोच. सागराचं दर्शन पाण्याच्या टाकीवर चढलं तरच होतं, ते सोड. त्याला पाहुण्यांच्या जास्तीच्या गाद्या ठेवायला जागा हवी आहे. मी सरपंचांकडे गेले तर म्हणाले, "वैनी, त्या खोलीत आता हाय तरी काय?" मी म्हटलं, "माझा नवरा आहे." ते दचकून खोलीच्या दाराकडे बघायला लागले.

पण मी खोटं काय बोलले? खाणीतल्या माणसांनी रविवारी रविवारी जांभ्याचे चिरे वाहून ती खोली बांधली. तुझे आतोबा भाकरीच्या सुट्टीत तिपाईवर बसून मोठ्यानं वाचायचे आणि बाकीचे जेवता जेवता ऐकायचे. यांचा दम वाचायला पुरावा म्हणून दुपारनंतर यांच्या वाटची घमेली दुसरे उचलायचे. मीही त्याच खाणीत बॉक्साइटची घमेली वाहिली आणि अक्षरं तिथेच शिकले. खाण बंद पडून तीस वर्षं झाली, हे गेले त्यालाही बराच काळ लोटला. पण त्या खोलीत शिरलं की वाचायला बसण्याआधीचा यांचा खाकरा मला अजून ऐकू येतो. तिथे गाद्या आल्या तर मी काय गाद्यांचं ऐकत बसू?

तू न्हावा शेव्याला एवढाले कंटेनर इकडचे तिकडे करतेस. एक खोली आहे तिथेच राहावी एवढं कर. पुस्तकांची काळजी करू नकोस, त्यातलं एकही गावाबाहेर गेलेलं नाही.

तुझी
जयमाला आत्या


उलवे, नवी मुंबई
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि "माझा नवरा आहे" इथे एवढ्यानं हसले की साहेब केबिनमधून बाहेर आले. मग त्यांनाही वाचून दाखवलं.

आता नीट ऐक, आणि मध्ये बोलू नकोस (पत्रात हा फायदा आहेच). मुंबईत कामगार वारसा मंडळ नावाची एक संस्था आहे. गिरण्या, खाणी, गोद्या अशा ठिकाणची कामगारांनी चालवलेली वाचनालयं ते वाचवतात. छप्पर शाकारून देतात, कपाटं देतात, पंचायतीला पत्र लिहितात. तिथल्या हेतल मॅडमशी मी बोलले. त्यांच्या अटी दोनच. पुस्तकं शाबूत हवीत, आणि कोणीतरी ती वाचत असायला हवं.

मी छातीठोकपणे सांगून टाकलं, की आमच्या आत्याकडे अख्खा संग्रह आहे, एकही पुस्तक हललेलं नाही. मॅडम एकदम खूश! आता तू फक्त कपाटाचा एक फोटो पाठव. मी प्रत्येक पुस्तकासाठी बारकोडचे स्टिकर छापून घेते आहे. आमच्या यार्डात अठरा चाकी ट्रेलर बारकोडवर सापडतो, तर कादंबरी का नाही सापडणार?

तुझी
क्रांती


तांबडमाळ
२१ नोव्हेंबर २०२४

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

कपाटाचा फोटो पाठवत नाही. कपाटात केसरआजीची कोंबडी अंडी उबवते आहे. तिला हलवलं तर केसरआजी मला हलवेल.

मी पुस्तकं गावाबाहेर गेली नाहीत म्हटलं, कपाटात आहेत असं कुठे म्हटलं? ती घरोघरी आहेत. खाण बंद झाली त्या दिवशी आम्ही वाचनालयाचे वाटे केले. मासळीचे करतात तसेच. ओट्यावर केळीची पानं मांडली आणि पुस्तकांचे ढीग लावले. यांचा खाणीतला सोबती दादू सगळ्यांकडे पाठ करून बसला. तुझे आतोबा एकेका ढिगावर हात ठेवून विचारायचे, "हा कोणाचा?" आणि दादू मागे न बघता नाव घ्यायचा. त्यात कोणाची तक्रार राहत नाही. गावात तेव्हा पंगती वेगळ्या बसायच्या, पण खाणीतल्या वाट्याला कधी जात लागली नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती बसून वाच. वाटे सारखे व्हायला नकोत का? एकाला जाड पुस्तक आणि एकाला बारीक, असं कसं चालेल? म्हणून जी जाड होती ती कापली. नीट, सुतळीनं शिवून, चार चार भाग केले. तू लगेच "फाडली, फाडली" करशील. फाडली नाहीत, वाटली. सुरमईचे तुकडे केले तर कोणी सुरमई फाडली म्हणतं का?

आमची सगळ्यांची जीव की प्राण कादंबरी म्हणजे 'खाडीपल्याडची सून'. तिचा पहिला भाग माझ्याकडे आला. दुसरा पोस्टमन विनेशच्या वडिलांकडे आणि तिसरा केसरआजीकडे. चौथा, म्हणजे शेवट, दादूनं स्वतःच्या नावावर घेतला. त्यानं मान वळवून बघितलं असणार, अशी माझी खात्री आहे. यांचं वाचन तिसऱ्या भागाच्या शेवटाशी आलं आणि खाण बंद पडली. सून होडीत बसून निघून गेली होती आणि खाडीला उधाण आलं होतं. पुढे ती बुडाली की परत आली, ते एकट्या दादूला ठाऊक. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. रस्त्यात भेटला की तो हसतो. ज्याला शेवट माहीत असतो ना, त्याचंच ते हसू.

तुझी
आत्या


उलवे
२९ नोव्हेंबर २०२४

आत्या, पाकिटं संपली म्हणून पोस्टकार्ड. पुस्तकं कापली!! मी दोन दिवस जेवले नाही (डाएटवर होते, पण तरी). मॅडमना काय सांगू? ठीक आहे, तोडगा काढलाय. ८ डिसेंबरच्या रविवारी एक टेम्पो येईल. त्यात प्लास्टिकचे मोठे टब आहेत. प्रत्येक पुस्तकामागे एक टब द्यायचा. पुस्तकं गोळा झाली की मी भाग जुळवून पक्की बाइंडिंग करून घेते. आधी कोणाला सांगू नकोस, नाहीतर लोक भाव खातील. – क्रांती


तांबडमाळ
१५ डिसेंबर २०२४

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

पोस्टकार्डावर 'कोणाला सांगू नकोस' असं लिहिणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच. विनेशनं ते कार्ड आधी चहाच्या टपरीवर वाचलं, मग देवळाच्या पारावर वाचलं, मग बुद्धविहाराच्या पायरीवर वाचलं आणि शेवटी मला आणून दिलं. वर म्हणाला, "काकी, टब झाकनाचे हाएत का?"

टेम्पो यायच्या आत रांग लागली. काय काय आलं म्हणून सांगू! जुनी पंचांगं, लग्नपत्रिका, टीव्हीबरोबर मिळालेलं माहितीपत्रक, वीजमंडळाची डायरी. एकानं सातवीचं गणिताचं पुस्तक आणलं, तेही चालू वर्षाचं. सरपंच स्वतः आले आणि ग्रामसभेच्या जुन्या अहवालावर टब घेऊन गेले. आता गावात बघावं तिकडे निळा टब आहे. मासळी टबात, धुणं टबात, आणि केसरआजीची कोंबडीही पिल्लांसकट टबात. तेवढं एक बरं झालं, कपाट रिकामं झालं.

आणि वाटे? त्यातला एकही आला नाही. केसरआजीला विचारलं तर कपाळावर आठ्या घालून म्हणाली, "जयमाले, वाटा कधी परत करत्यात व्हय? उद्या म्हनशील, त्या सालची बोंबलाची रास परत दे." तिचा तिसरा भाग तिच्या ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली आहे. मला नुसता दाखवला आणि लगेच ट्रंकेला कुलूप लावलं.

खोली आता रद्दीनं छताला टेकली आहे. निकेत येऊन बघून गेला आणि म्हणाला, "काकी, यापेक्षा माझ्या गाद्या तरी चांगल्या दिसल्या असत्या." मी मान डोलावली. निकेतचं म्हणणं मला पटणं हे पहिल्यांदाच झालं, आणि ते तुझ्यामुळे झालं.

तुझी
आत्या


उलवे
२३ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

चुकलं माझं. यार्डात माल सोडवायला जे चालतं तेच मी तुझ्या गावाला लावायला गेले. रद्दीवाला माणगावहून पाठवते आहे. तो सगळं घेऊन जाईल, फक्त त्याला टब देऊ नकोस.

पण आता वेळ उरलेला नाही. हेतल मॅडम रविवारी, १२ जानेवारीला, तांबडमाळला येत आहेत. त्याच आठवड्यात पंचायतीची बैठक आहे आणि त्यात निकेतचा अर्ज आहे. त्या दिवशी मॅडमना तिथे वाचनालय दिसलं तर खोली राहील. रिकामं कपाट दिसलं तर मंडळ काहीही करू शकणार नाही. तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय.

एक तरी पुस्तक पूर्ण होऊ दे, आत्या. 'खाडीपल्याडची सून' होऊ दे. त्यासाठी तुला दादूकाकांकडे जावं लागेल. गोड बोल. जमणार नाही हे माहीत आहे, पण निदान कमी तिखट बोल. मी त्या रविवारी रजा टाकली आहे. आदल्या दिवशीच येते.

तुझी
क्रांती

ता. क. स्टिकर पाठवते आहे. छापून झालेत, काय करू!


तांबडमाळ
३ जानेवारी २०२५

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

गेले दादूकडे. जाताना नारळवड्या घेऊन गेले, म्हणजे गोड बोलायचं काम त्या करतील.

तो ओट्यावर कोयतीला धार लावत बसला होता. मी सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, "भाऊजी, शेवट द्या."

तो म्हणाला, "वैनी, तीस वर्सं झाली. त्या सुनंचं नाव काय, त्ये बी मला ठावं न्हाय. पयला भाग वाचला तवा मी तापानं घरी पडलो व्हतो. पुढं समदे 'सून सून' म्हनायचे. तू नाव सांग."

"आधी शेवट सांगा."

"आधी नाव सांग."

असं आमचं नारळवड्या संपेपर्यंत चाललं. मी उठून निघाले, मनातून पार खचले होते. मी फाटकाशी पोचले तेव्हा तो मागून ओरडला, "वाटा देनार न्हाय! पन वाटा घेऊन बसायला येईन. जितं वाटा तितं मानूस. मासळी वाटायला न्हाय का समदे टोपली घेऊन येत?"

पोरी, मी तिथेच थांबले. आपण दोघीही वेड्यासारख्या पुस्तकं मागत होतो. माणसांना कोणी बोलावलंच नाही!

मग घरोघर गेले. "वाटा देऊ नका, वाटा घेऊन या," असं म्हटल्यावर एकानंही नाही म्हटलं नाही. विनेश दुसरा भाग आणतो आहे. केसरआजीला हल्ली दिसत नाही, म्हणून तिसरा भाग निकेतनं वाचावा असं तिनं फर्मान काढलं. तो म्हणाला, "आजी, त्याच खोलीसाठी मी अर्ज केलाय, आणि मीच तिथं वाचू?" आजी म्हणाली, "वाचशील तर जेवशील." तो दोन दिवस होमस्टेत जेवला. आता तिथल्या स्वयंपाकाची चव त्यालाच कळली असेल, कारण काल येऊन भाग चाळून गेला.

खोली झाडली, सारवली. तुझे स्टिकर पोचले. एक तिपाईला लावला.

तू ये. मला त्या दिवशी कोणीतरी आपलं बाजूला हवं आहे.

आत्या


उलवे
१४ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

मला माफ कर. शनिवारी बॅग भरून निघतच होते, तोच बोट वेळेआधी लागली आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. कड्यावर फोन करून करून दमले, पण तू खोलीत असणार. रविवारभर क्रेनकडे बघत होते आणि डोळ्यांसमोर तुझी तिपाई होती. तू बाजूला हवीस म्हणालीस आणि मी आले नाही, हे मला फार लागलंय.

आणि तिकडे काय झालं तेच कळेना! सोमवारी हेतल मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "क्रांती, मी आत्ता बोलू शकत नाही, मी फार चिडलेय." आणि फोन ठेवला. मग मेसेज आला, "दादू यांचा नंबर द्या." नंतर काहीच नाही.

आत्या, दादूकाकांनी मॅडमना काय केलं? खोली गेली का? जे असेल ते लिही, मी ऐकायची तयारी केली आहे.

क्रांती


तांबडमाळ
१९ जानेवारी २०२५

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

आधी पाणी पी. मग वाच.

रविवारी सकाळी सगळे आपापला वाटा घेऊन आले. कोणी फडक्यात बांधून आणला, कोणी निळ्या टबात ठेवून आणला. जमिनीवर बसायला सतरंज्या पुरेनात, तेव्हा केसरआजी निकेतवर खेकसली आणि तो धावत जाऊन गाद्या घेऊन आला. म्हणजे गाद्या खोलीत आल्याच, पण अंथरायला.

तुझ्या मॅडम आल्या आणि रिकाम्या कपाटाकडे बघून त्यांचा चेहराच पडला. मी म्हटलं, "कपाट बघू नका, बसा." त्या बसल्या. मी पहिला भाग वाचला. सुनेचं नाव आलं, रत्नप्रभा, तसा दादूनं मांडीवर हात मारला. "रत्नप्रभा? मी तर तीस वर्सं तिला मनात शेवंता म्हनत आलो!" सगळी खोली हसली. मग विनेशनं वाचलं, घाईघाईनं, जणू पुढची डाक खोळंबली आहे. मग निकेत. सुरुवातीला तो शब्दाशब्दाला ठेचकाळत होता. पण सून होडीत पाय टाकते तिथे आला, आणि पोराचा आवाज असा काही लागला की केसरआजीनं पदर डोळ्यांना लावला.

आणि नेमकी तेव्हाच मॅडमची निघायची वेळ झाली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्यांना माणगावहून पुढची गाडी गाठायची होती. एक चप्पल पायात, एक हातात, अशा दारात उभ्या राहून त्यांनी दादूला विचारलं, "काका, ती परत येते का? फक्त हो की नाही सांगा."

दादू म्हणाला, "म्याडम, मदीच उठनाऱ्याला शेवट सांगायची पद्धत न्हाय हितं."

चिडल्या ना त्या! पण गाडीत बसून त्यांनी जे पत्र पंचायतीला पाठवलं, ते काल सरपंचांनी मला दाखवलं. मंडळाची माणसं कपाटं घेऊन फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी येत आहेत. हे वाचनालय चालू आहे, सबब खोलीला हात लावू नये, असं त्यात साफ लिहिलंय. निकेतनं अर्ज आपणहून मागे घेतला. म्हणतो, पाहुण्यांनाही रविवारी ऐकायला आणू का? मी म्हटलं, आण, पण समुद्र दिसेल असं सांगू नकोस.

म्हणजे खोली राहिली, पोरी. आता पुढचं सांगते, ते तुझ्या मॅडमनीही बघितलेलं नाही.

त्या गेल्यावर दादूची पाळी आली. त्यानं फडकं सोडलं, चौथा भाग काढला आणि कमरेची कोयती उपसली. मी म्हटलं, हा आता काय करतो? तर पानं जोडलेलीच होती. जुन्या पुस्तकांची पानं कडेला दुमडलेली, न कापलेली यायची बघ, तशीच. तीस वर्षांत त्यानं एकही पान उघडलं नव्हतं. आणि मी समजत होते, हा शेवट वाचून मला हसतो.

मी विचारलं, "भाऊजी, तुम्ही वाचलंच नाहीत?"

तो कोयतीच्या टोकानं पानं सोडवत राहिला. वर न बघता, यांचं नाव घेऊन म्हणाला, "सीतारामानं वाचल्याबिगर मी कसा वाचू? तो म्हनला व्हता, उद्याच्याला पुढं वाचू. खान बंद झाली, मानसं पांगली, उद्या काय झालाच न्हाय. मी नुसता वाटा धरून बसलो. तुला बगून हसायचो, म्हनलं आज तरी ही बोलंल."

मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं आणि मी ते अडवलं नाही. मग त्यानं तो भाग माझ्या हातात दिला. ज्या माणसानं टबासाठी दिला नाही, नारळवड्यांसाठी दिला नाही, त्यानं आपण होऊन दिला. म्हणाला, "वैनी, तितं बस." आणि यांच्या तिपाईकडे बोट केलं.

त्या तिपाईवर मी आजवर कधी बसले नव्हते. बसले. चष्मा पुसला. पुस्तक उघडलं आणि वाचण्याआधी जरा खाकरले. सगळ्यांनी एकदम वर बघितलं, कारण खाकरा हुबेहूब यांचा आला. दादूनं डोळे मिटले. मी शेवटपर्यंत वाचलं.

तू आली नाहीस म्हणून मी रागावलेली नाही. पण रत्नप्रभा बुडाली की परत आली, ते मी लिहिणार नाही. दादू म्हणतो तेच खरं, इथे तशी पद्धत नाही. या पाकिटात माझा वाटा आहे, पहिला भाग. जपून काढ, सुतळी जुनी आहे. कडेला लाल डाग दिसतील ते घाण समजून पुसू नकोस, खाणीतून आलेल्या हातांचे आहेत. आजपासून हा वाटा तुझा. मला तो पाठ झालाय, पण फेब्रुवारीत मी तोंडपाठ म्हणणार नाही. पहिला भाग तूच घेऊन यायचा. मॅडम येतील, दादू येईल, सगळं गाव गाद्यांवर बसून राहील, आणि तू आल्याशिवाय गोष्ट सुरू होणार नाही.

तुझी
जयमाला आत्या